मान वळवायची सवय

प्रिय मित्रा,
सप्रेम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. तुझ्या फुटबॉल संघाच्या प्रशिक्षकांनी तुला आघाडीवरून काढून सेंटर-बॅकला, म्हणजे बचावफळीच्या मधोमध, उभं केलं, ते तुझ्या मनाला लागलंय. 'आता माझं नाव कोण घेणार?' असं तू विचारलंयस. खरं सांगायचं तर फारसं कोणी घेणार नाही. वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा बॅलन डी'ओर पुरस्कार १९५६पासून दिला जातो, आणि पुरुषांमध्ये तो मिळवणारे बचावपटू आजवर तीनच आहेत: फ्रांझ बेकेनबाउअर दोनदा (१९७२ आणि १९७६), मथियास झामर १९९६ साली आणि फाबिओ कानावारो २००६ साली. गोल झाला की बातमी होते. न झालेल्या गोलाची कोणी बातमी करत नाही, आणि आपलं सगळं काम तर त्या न झालेल्या गोलांचंच असतं.

तरीही मला विचारशील तर जागा बदलली हे चांगलं झालं. बचावपटूची कारकीर्द पायांपेक्षा डोळ्यांवर जास्त चालते. तुझे डोळे चांगले आहेत, हे मी स्वतः पाहिलंय. फक्त ते कुठे लावायचे, एवढंच तुला अजून माहीत नाही.

डाव्या बाजूला समोरच्या संघाच्या विंगरच्या, म्हणजे कडेने हल्ला करणाऱ्याच्या, पायात चेंडू आहे असं समज. ज्याच्यावर तुला नजर ठेवायची तो त्यांचा स्ट्रायकर, गोल मारणारा, तुझ्यापासून दोन पावलांवर आहे. नवा पोरगा अशा वेळी छाती चेंडूकडे करून उभा राहतो. तू तिरका उभा राहा, म्हणजे एका नजरेत चेंडू येईल आणि अर्धी मान वळवली की माणूसही येईल. आता विंगरकडे नीट बघ. क्रॉस, म्हणजे कडेवरून गोलसमोर चेंडू, मारण्याआधी तो मान खाली घालतो. नेमक्या त्या क्षणी दहाही जण चेंडूकडे बघत असतात, आणि मुरलेला स्ट्रायकर तेव्हाच तुझ्या पाठीमागे सरकतो. तू जिथे बघत नाहीस, तीच त्याची जागा.

मग मान वळवायची कधी? चेंडू एका खेळाडूकडून दुसऱ्याकडे जात असतो तेव्हा. पास सुटलेला असतो, अजून कोणाच्या पायात पोचलेला नसतो. तेवढ्या वेळात चेंडूचं कोणी काही करू शकत नाही, म्हणून तेव्हा मागे बघण्याने काही बिघडत नाही. चेंडू पोचेपर्यंत तुझी नजर परत आलेली हवी. सरावात प्रत्येक पासला हे कर. दोन महिने मुद्दाम करावं लागेल, पुढे मान आपोआप वळायला लागेल.

दुसरं म्हणजे चेंडू ज्याच्या पायात आहे त्याची अवस्था वाचायला शीक. त्याच्या अंगावर आपला कोणी गेलेला नाही, त्याची मान वर आहे, समोर मोकळी जागा आहे, म्हणजे लांब पास येणार. तेव्हा बचावपटूंच्या आख्ख्या लाइनने दोन पावलं मागे यायचं. तो पाठमोरा आहे किंवा दबावाखाली आहे, तेव्हा लाइन पुढे न्यायची. हे ओरडून सांगायचं काम सेंटर-बॅकचं असतं. तू अबोल आहेस, ठाऊक आहे मला. पण मैदानावर हा अबोलपणा सोडावा लागेल. 'पुढे', 'मागे', 'डावीकडे तुझा', एवढे तीन-चार शब्द वेळेवर आले तरी पुरे. ऑफसाइडचा सापळा, म्हणजे पास सुटण्याआधी एकदम पुढे सरकून समोरच्या स्ट्रायकरला आपल्या पाठीमागे, नियमाबाहेर सोडणं, चौघांनी मिळून लावायचा असतो. तिघे पुढे गेले आणि एक जण जागेवर राहिला, तर समोरचा स्ट्रायकर त्या एकाच्या भरवशावर मोकळा सुटतो.

आता माझी एक गोष्ट सांगतो. एका सामन्यात आम्ही एका गोलने पुढे होतो आणि शेवटची दोन-तीन मिनिटं उरली होती. उजवीकडून क्रॉस आला. मी चेंडूकडेच बघत राहिलो, अगदी भान हरपून. माझा माणूस गोलच्या दुसऱ्या खांबाशी एकटा उभा होता, आणि त्याने निवांत हेडर मारला. ड्रेसिंग रूममध्ये मला कोणी एक शब्द बोललं नाही, आणि ते बोलण्यापेक्षा जास्त झोंबलं. पण खरी चूक मी त्यानंतर केली. पुढचे तीन आठवडे आलेला प्रत्येक चेंडू डोळे मिटून बाहेर मारत सुटलो. पास द्यायची भीती, लाइन पुढे न्यायची भीती. संघातली जागा गेली ती त्या तीन आठवड्यांमुळे. त्या एका गोलामुळे गेली नाही.

म्हणून तुला फ्रान्सचा बचावपटू लिलियाँ थुरामचा सामना पाहायला सांगतो. १९९८च्या विश्वचषकाची उपांत्य फेरी, फ्रान्सविरुद्ध क्रोएशिया. दुसरं सत्र सुरू होताच क्रोएशियाच्या दावोर शुकेरने गोल केला. बाकीची बचावफळी पुढे गेलेली, थुराम तेवढा मागे राहिलेला, म्हणून शुकेर ऑफसाइड ठरला नाही. विश्वचषकाची उपांत्य फेरी, मैदान आपल्याच देशातलं आणि चूक आपली! पुढच्याच मिनिटाला याच थुरामने क्रोएशियाच्या गोलसमोरच्या बॉक्सजवळ त्यांच्या बोबानकडून चेंडू हिसकावला, सोबती युरी जोर्काएफला देऊन तो परत मागून घेतला आणि गोल केला. नंतर डाव्या पायाने दुसराही मारला. फ्रान्स २-१ने जिंकलं. देशासाठी तो १४२ सामने खेळला आणि गोल आयुष्यात ते दोनच. तू गोलांकडे बघू नकोस. गोल खाल्ल्यावर जे मिनिट गेलं ते बघ. त्या मिनिटात तो लपला नाही, चेंडूकडे गेला.

टॅकलबद्दल, म्हणजे समोरच्याच्या पायातून चेंडू काढण्याबद्दल, थोडक्यात लिहितो. घसरून टॅकल करणं देखणं असतं, लोक टाळ्या वाजवतात. पण तू जमिनीवर गेलास की खेळातून बाद, उठेपर्यंत संघात एक माणूस कमी. बॉक्समध्ये चुकलास तर पेनल्टीच. शक्यतो उभा राहा, त्याला कडेला ढकलत ने, वेळ काढ, सोबत्यांना परतू दे. जर्मनीचा बचावपटू फिलिप लाम आख्ख्या कारकिर्दीत एकदाही लाल कार्ड न घेता खेळला. उंची १.७० मीटर. तू उंचीची काळजी करतोस म्हणून हेही सांगतो, की कानावारो १.७६ मीटरचा होता आणि तो सेंटर-बॅकच खेळायचा.

आघाडीवर घालवलेली वर्षं वाया गेली असं समजू नकोस. १९९२मध्ये नियम बदलला आणि सोबत्याने पायाने मुद्दाम दिलेला पास गोलकीपरने हातात घेणं बंद झालं. २०१९पासून गोलकिकचा, म्हणजे आपल्या गोलजवळून खेळ पुन्हा सुरू करतानाचा, चेंडू सोबत्याला बॉक्सच्या आतच घेता येतो. त्यामुळे आता हल्ल्याची सुरुवात आपल्या पायांतून होते, तीही समोरचा अंगावर येत असताना. तुझा पहिला टच स्ट्रायकरचा आहे. तो घासत राहा, आणि डाव्या पायाचा कंटाळा सोड.

शरीराचं म्हणशील तर झोप, मांडीमागच्या स्नायूंचे व्यायाम आणि दुखणं लपवायचं नाही. डोक्याला मार लागला आणि गरगरलं, तर त्याच क्षणी बाहेर ये, मग अंतिम सामना का असेना. तसंच खेळत राहण्यात शौर्य नाही, आणि यावर मी तुझं काही ऐकून घेणार नाही. धीराचं उदाहरण हवं असेल तर ब्राझीलचा बचावपटू थियागो सिल्वाचं घे. ऐन तरुणपणी, २००५मध्ये, क्षयरोगाने त्याला रशियात इस्पितळात पाडलं होतं. तोच माणूस २०२१मध्ये, छत्तिसाव्या वर्षी, चेल्सीकडून चॅम्पियन्स लीग जिंकला आणि एकोणचाळिशीपर्यंत त्या क्लबकडे टिकला. पाय मंदावले तरी त्याचे डोळे तेच होते.

कराराचा कागद आला की सही करण्याआधी जाणत्या माणसाला दाखव. दुखापतीत पगार चालू राहतो का आणि उपचारांचा खर्च कोण करतो, हे आधी वाच. शिक्षण सोडू नकोस. इटलीचा बचावपटू जॉर्जो किएल्लिनीने युव्हेंटस क्लबकडून खेळता खेळता तुरिनच्या विद्यापीठातून पदवी घेतली, पदव्युत्तरही केलं.

पुढच्या सामन्याचं चित्रण मला पाठव. मित्राला उंचावर बसव आणि कॅमेरा चेंडूमागे फिरवू नकोस म्हणून सांग, चौघांची लाइन पूर्ण वेळ दिसायला हवी. मी बसून मोजणार आहे, पहिल्या पंधरा मिनिटांत तुझी मान किती वेळा वळली ते.

तुझा,
सर