'डेक्स्टरस'ला मराठीत काय म्हणावं?

इंग्रजी 'डेक्स्टरस'ला (dexterous) मराठीत 'कुशल' म्हटलं तर चालेल का, आणि हा शब्द मुळात आला कुठून, असा प्रश्न आहे.

'कुशल' चुकीचं नाही, पण ढोबळ आहे. प्रशासकही कुशल असतो. डेक्स्टरसमध्ये आधी हात दिसायला हवेत. माझी मावशी मोदकाच्या कळ्या पाडते तेव्हा तोंडाने गप्पा चालू असतात, उकडीची पारी डाव्या चिमटीत फिरत असते आणि कळ्या सारख्या अंतरावर उभ्या राहतात. ते डेक्स्टरस. मी तिथे 'सफाईदार' म्हणेन. 'तिच्या हाताला सफाई आहे' असं आपण म्हणतोच. इंग्रजीत पुढे हे विशेषण बुद्धीच्या चपळाईलाही लागलं. कोणी अवघड वाटाघाटी डेक्स्टरसपणे हाताळल्या, तर मराठीत त्या 'शिताफीने' हाताळल्या म्हणावं. अगदी चपखल बसतं.

व्युत्पत्ती तर फारच सुंदर आहे. लॅटिन 'डेक्स्टर' म्हणजे उजवा. हा शब्द आणि संस्कृत 'दक्षिण' एकाच इंडो-युरोपीय मुळातून आले. दक्षिण म्हणजेही उजवा: पूर्वेकडे तोंड करून उभं राहा, उजव्या हाताला येते ती दक्षिण दिशा. प्रदक्षिणा घालताना आपण देव उजव्या हाताला ठेवतो, ते यामुळेच. दक्षिणचं प्राकृतात 'दक्खिण' झालं आणि त्यातून आपलं 'दख्खन'. म्हणजे डेक्स्टरस आणि दख्खन लांबचे भाऊबंद! संस्कृत 'दक्ष', म्हणजे निपुण, हाही याच घराण्यातला मानतात. मराठीत मात्र दक्ष म्हणजे सावध एवढंच उरलं.

उजव्याचं कौतुक झालं की डाव्याची उपेक्षा आलीच. फ्रेंच 'गॉश' म्हणजे डावा, इंग्रजीत तो अवघडलेला, बेंगरूळ झाला. आपणही 'हा त्याच्यापेक्षा उजवा' म्हणतो. माझी मावशी डावखुरी आहे, त्यामुळे हे मला जरा खटकतं.

दोन्ही हात सारखेच चालवणाऱ्याला इंग्रजीत 'ॲम्बिडेक्स्ट्रस' म्हणतात, त्यातही दोन्ही हात 'उजवे'च मानले आहेत. संस्कृतातला 'सव्यसाची' मला म्हणूनच जास्त आवडतो. सव्य म्हणजे डावा. डाव्या हातानेही बाण सोडणाऱ्या अर्जुनाचं हे नाव. फक्त मराठीत आता 'सव्यसाची लेखक' म्हणजे अनेक प्रकारांत लिहिणारा, तेव्हा हातांबद्दलच बोलायचं असेल तर 'दोन्ही हातांनी सारखंच काम करणारा' असं सरळ लिहावं.