सॉफ्टवेअरमधून काढलेला रिपोर्ट एक्सेलमध्ये बिघडतो, नवीन एक्सेल घ्यावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दुकानाच्या सॉफ्टवेअरमधून रिपोर्ट एक्सपोर्ट केला की एक्सेल आधी 'फॉरमॅट आणि एक्स्टेन्शन जुळत नाही' असा इशारा देतं, उघडल्यावर बेरीज शून्य येते, काही तारखा उलट्या होतात, मराठी नावांचा चिवडा होतो. सॉफ्टवेअरवाला म्हणतो नवीन एक्सेल घ्या. घ्यावं का?

नका घेऊ. निदान एवढ्यासाठी तरी नका. मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळद-बेदाण्याच्या अडत दुकानात हिशेब बघतो. कॉम्प्युटरचं शिक्षण काही नाही, जे आलं ते ठेचा खाऊन आलं.

आधी ती फाइल नोटपॅडमध्ये उघडा. सुरुवातीलाच पी आणि के ही दोन इंग्रजी अक्षरं आणि पुढे सगळी कचरापट्टी दिसली तर ती खरी एक्सएलएसएक्स, म्हणजे एक्सेलची आजची फाइल. ती आतून झिप फाइलच असते आणि पीके म्हणजे झिप हा प्रकार तयार करणारा फिल कॅट्झ. कोनी कंसात एचटीएमएल किंवा टेबल असं दिसलं, तर ते चक्क वेबपेज आहे, नाव फक्त एक्सएलएस, म्हणजे जुन्या एक्सेल फाइलचं, ठेवलंय. तुमचा इशारा बहुधा इथूनच येतो. पोत्यावर राजापुरी हळद लिहिलंय आणि आत भलताच माल, तसला प्रकार. एक्सेल ते उघडतं, पण मोबाइलवर अडतं. 'येस' म्हणून उघडा आणि सेव्ह ॲजमध्ये जाऊन एक्सएलएसएक्स करून ठेवा. नोटपॅडमध्ये नुसत्या ओळी आणि स्वल्पविराम दिसले तर ती सीएसव्ही, आणि सगळ्यात जास्त घात हीच करते.

आमचा किस्सा सांगतो. हळदीचे सौदे जोरात होते, टेबलावर विक्रीपट्ट्यांचा ढीग. शेतकऱ्यांच्या पेमेंटची यादी सीएसव्हीत काढली, डबल क्लिक करून उघडली, आकडे पूर्ण दिसावेत म्हणून खाते नंबरचा रकाना बिनदशांश 'नंबर' फॉरमॅटमध्ये केला, सेव्ह केली आणि बँकेला पाठवली. दोन दिवसांनी बँकेचा फोन, नऊ खाते नंबर जुळत नाहीत. बघतो तर नऊच्या नऊ सोळा आकडी आणि नऊच्या नऊ शेवटी शून्य. तोवर कवठे महांकाळचे एक काका दुकानात येऊन बसलेले. "माझं पैसं कुणाच्या खात्यावर घातलासा ओ?" पैसे कुठंच गेले नव्हते, पण त्यांना ते पटवताना दोन चहा झाले.

झालं असं की एक्सेल कुठल्याही संख्येतले पहिले १५ अंकच जपतं, पुढच्या जागी शून्य बसवतं. नंतर रकाना टेक्स्ट केला तरी गेलेला अंक परत येत नाही. मूळ फाइल सेव्ह करून दाबली असेल तर पुन्हा एक्सपोर्टच करायचा. ई-वे बिलाचा नंबर १२ आकडी असतो, तो पॉइंट, ई आणि प्लसच्या भाषेत दिसतो, पण सीएसव्ही तशीच सेव्ह करत नाही तोवर आत शाबूत असतो. फॉरमॅट 'नंबर' करा, दशांश शून्य ठेवा, दिसायला लागेल.

म्हणून सीएसव्हीवर डबल क्लिक बंद. रिकामं एक्सेल उघडा, डेटा टॅबमध्ये 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही', फाइल ओरिजिनला ६५००१ यूनिकोड यूटीएफ-८, मग 'ट्रान्सफॉर्म डेटा'मध्ये जाऊन खाते नंबर, मोबाइल, बिल नंबर, गट नंबर हे रकाने टेक्स्ट करा. बदल करताना 'रिप्लेस करंट' निवडा. मी स्वतः लिबरऑफिस वापरतो. ते फुकट आहे आणि सीएसव्ही उघडताना रकान्यांबद्दल आपणहून विचारतं. आमच्या शेठना त्याचा रंग आवडत नाही, तो भाग वेगळा.

गट नंबर मुद्दाम सांगितला. १२/३ हा गट एक्सेलला १२ मार्च वाटतो. सातबारा लिहायला जा, ७ डिसेंबर होतो. यात आपणच बावळट असं समजू नका. मार्च १ नावाच्या जनुकाची एक्सेल सारखी तारीख करायचं, म्हणून जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीनं २०२० साली ते नावच बदलून मार्चएफ १ केलं. आपण सातबाऱ्याचं नाव बदलू शकत नाही. नवीन एक्सेलमध्ये फाइल, ऑप्शन्स, डेटा इथं आपोआप होणारे असले बदल बंद करायची सोय आली आहे. सुरुवातीची शून्यं आणि लांब आकडे त्यानं वाचतात, सातबाऱ्यासाठी मात्र त्यावर विसंबू नका.

उलट्या तारखांचं कारण बहुतेक वेळा विंडोजमध्ये असतं. कंट्रोल पॅनेलच्या रीजनमध्ये अमेरिका असेल तर ०५/०४ ही ४ मे होते आणि २५/०४ नुसता मजकूर म्हणून राहते, कारण पंचविसावा महिना नसतो. म्हणजे महिन्याच्या पहिल्या १२ दिवसांच्या तारखा चुकीच्या आणि बाकीच्या निर्जीव. चुकीच्या दिसायला एकदम बरोबर दिसतात, जीएसटीच्या वेळी कळतं. रीजन 'इंग्लिश (इंडिया)' करा आणि फाइल नव्याने काढा. उलटलेली दुरुस्त करत बसू नका.

बेरीज शून्य म्हणजे आकडे मजकूर होऊन बसलेत. रकाना निवडून खालच्या पट्टीवर बघा: सम दिसत नसेल, फक्त काउंट असेल, तर तेच. साध्या केसमध्ये टेक्स्ट टू कॉलम्स उघडून थेट फिनिश दाबलं की काम होतं. वेबपेजवाल्या फाइलमध्ये आकड्याला न दिसणारी १६० नंबरची स्पेस चिकटलेली असते. ती ट्रिमच्या सूत्रानं जात नाही, सबस्टिट्यूटच्या सूत्रात कॅर १६० देऊन काढावी लागते. आणि वर पिवळी पट्टी असेल तर आधी 'एनेबल एडिटिंग' दाबा. काही सॉफ्टवेअर नुसतं सूत्र लिहितात, उत्तर साठवत नाहीत, मग प्रोटेक्टेड व्ह्यूमध्ये शून्यच दिसणार.

मराठीचे रोग दोन. वर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए आणि चार पाय फुटलेलं गोल चिन्ह पुन्हा पुन्हा दिसत असेल तर फाइल यूनिकोडच (मराठी साठवायची आजची पद्धत) आहे, उघडायची पद्धत चुकली. वरचा ६५००१ त्याचंच औषध. पण साधी इंग्रजी अक्षरं आणि कंस यांची खिचडी दिसत असेल तर सॉफ्टवेअर जुन्या श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फॉन्टवर चालतंय. तोच फॉन्ट रकान्याला लावा, नाहीतर कन्व्हर्टरमधून काढा.

एक्सएलएसमध्ये ६५,५३६ ओळीच मावतात, एक्सएलएसएक्समध्ये १०,४८,५७६. पोत्यागणिक वजन काढत असाल तर शेवटची ओळ तपासा. २०२० मध्ये इंग्लंडात १५,८४१ कोरोना रुग्ण मोजणीतून सुटले, ते याच जुन्या फॉरमॅटपायी.

पण हे सगळं मलमपट्टीचं झालं. सॉफ्टवेअरवाल्याकडे मागायचं ते वेगळंच आहे. शेठना छापून द्यायचा रिपोर्ट आणि आपल्या हिशेबाचा रिपोर्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुकानाचं नाव, मर्ज केलेले सेल, दर पानावर पुन्हा मथळा, मधे मधे उपबेरजा, हे पीडीएफमध्ये शोभतं. एक्सेलमध्ये त्यावर ना फिल्टर चालतो ना गोषवारा काढणारं पिव्हट. त्याला सांगा: वर एकच मथळ्याची ओळ, खाली नुसता डेटा, नावे-जमा वेगळ्या रकान्यात, तारीख खऱ्या तारखेच्या रूपात, खाते नंबर टेक्स्ट, फाइल खरी एक्सएलएसएक्स. मर्यादित काम आहे, त्याला नवीन एक्सेल लागत नाही.

आमचा सॉफ्टवेअरवाला वर्षभर 'पुढच्या व्हर्जनला बघू' म्हणत होता. मग पेमेंटच्या यादीत त्याचं देखभालीचं बिल आलं. त्याचाही खाते नंबर सोळा आकडी. शेवटी शून्य आलेला स्क्रीनशॉट त्याला पाठवला आणि विचारलं, असाच पाठवू का बँकेला? तिसऱ्या दिवशी नवीन बटण आलं.