तुमचे प्रश्न: परराष्ट्र मंत्र्यांना संसदेत विचारायचं तरी कसं?

मागच्या अंकात संसदेच्या प्रश्नोत्तराच्या तासावर चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर इतकी पत्रं आणि मेल आले की या वेळचा अख्खा कॉलम त्यालाच देतोय. बऱ्याच जणांचा सूर एकच होता, परराष्ट्र खातं म्हणजे लांबचं प्रकरण, आपला खासदार तिथे काय विचारणार? मला हे अजिबात पटत नाही. नावं कुणाचीच छापत नाहीये, फक्त गाव देतोय.

माझे मेहुणे गुजरातच्या बोटीवर खलाशी होते. बोट पाकिस्तानने पकडली, ते आता कराचीच्या जेलमध्ये आहेत. खासदारसाहेब म्हणाले लोकसभेत प्रश्न टाकतो. प्रश्न टाकून माणूस सुटतो का? (डहाणू)

ताई, एका प्रश्नाने माणूस सुटत नाही, हे आधीच सांगतो, खोटी आशा लावणार नाही. पण प्रश्न नीट विचारला तर एक होतं, दिल्लीत कुणातरी अधिकाऱ्याला कागद काढून बघावेच लागतात, कारण उत्तर मंत्र्यांच्या नावाने सभागृहात जाणार असतं आणि तिथे चूक चालत नाही.

नीट म्हणजे कसं ते बघा. बरेच खासदार विचारतात, 'पाकिस्तानच्या तुरुंगातल्या भारतीय मच्छीमारांच्या सुटकेसाठी सरकार काय करत आहे?' याचं उत्तर मी आत्ताच सांगतो, सरकार या विषयाला प्राधान्य देतं आणि पाकिस्तानकडे तो सतत मांडतं. झालं, संपलं. त्यात तुमचे मेहुणे कुठेच नाहीत.

त्यापेक्षा हे धरा. भारत आणि पाकिस्तानमध्ये मे २००८ मध्ये कैद्यांबद्दल एक करार झालाय, त्यात दोन मुदती स्पष्ट लिहिल्यात: अटकेपासून तीन महिन्यांच्या आत आपल्या दूतावासाच्या माणसाला कैद्याला भेटू द्यायचं, आणि शिक्षा संपली आणि नागरिकत्वाची खात्री झाली की एका महिन्यात घरी पाठवायचं. याच कराराप्रमाणे दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला दोन्ही देश एकमेकांना कैद्यांच्या याद्या देतात. मग खासदारांनी विचारायचं ते असं, की शेवटच्या यादीत महाराष्ट्रातले किती जण आहेत, त्यातल्या किती जणांना दूतावासाची भेट मिळाली आणि कोणत्या तारखेला, किती जणांची शिक्षा पूर्ण झालीये, आणि किती जणांच्या नागरिकत्वाची पडताळणी अजून आपल्याच बाजूने बाकी आहे. हा शेवटचा तुकडा अजिबात सोडू नका. कारण 'हा माणूस आमचाच' हे भारताला सांगावं लागतं, त्यासाठी गावाकडून, पोलिसांकडून माहिती यावी लागते, आणि तिथे कागद अडला तर पाकिस्तानला दोष देऊन काय उपयोग!

आता वेळेचं गणित. लोकसभेत प्रश्नाची नोटीस किमान १५ दिवस आधी द्यावी लागते. प्रत्येक खात्याचा वार ठरलेला असतो, परराष्ट्र खात्याला गेली काही वर्षं लोकसभेत शुक्रवार आणि राज्यसभेत गुरुवार आहे. लोकसभेत रोज २० तारांकित प्रश्न लागतात, म्हणजे ज्यांना मंत्री उभं राहून तोंडी उत्तर देतात, आणि २३० अतारांकित, ज्यांना फक्त लेखी उत्तर येतं. नंबर चिठ्ठ्यांनी ठरतो. तारांकित मिळालं तर सोनं, कारण खासदाराला दोन पुरवणी प्रश्न विचारता येतात आणि मंत्र्यांना समोरासमोर बोलावं लागतं, पण तासाभरात वीसपैकी जेमतेम पाच-सहा प्रश्नच होतात, बाकीच्यांना लेखी उत्तर मिळतं. तुमच्या कामाला अतारांकितसुद्धा पुरतो, आकडे आणि तारखा कागदावर आल्या की झालं. प्रश्न १५० शब्दांत बसला पाहिजे एवढं बघा.

आणि मेहुण्यांचं नाव प्रश्नात नको. एका माणसाच्या केससाठी खासदारांनी मंत्र्यांना वेगळं पत्र लिहायचं, सोबत बोटीचं नाव, तिचा नोंदणी नंबर, पकडल्याची तारीख, मालकाचा फोन आणि मेहुण्यांच्या ओळखपत्राची झेरॉक्स लावायची. 'मदद' नावाच्या सरकारी पोर्टलवर तक्रारही नोंदवा, तिचा नंबर त्याच पत्रात टाका.

फेब्रुवारीत अमेरिकेने आपल्या लोकांना हातकड्या घालून लष्करी विमानातून पाठवलं. मंत्र्यांनी निवेदन वाचून दाखवलं. याला प्रश्न विचारणं म्हणायचं का? (नाशिक)

तुमचा राग समजू शकतो, ते फोटो बघून मलाही झोप लागली नव्हती. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमृतसरला विमान उतरलं, १०४ जण होते, त्यात तिघे आपल्या महाराष्ट्रातले. दुसऱ्याच दिवशी परराष्ट्र मंत्री एस. जयशंकर यांनी राज्यसभेत निवेदन केलं.

निवेदन आणि प्रश्न यात फरक आहे आणि तो लक्षात ठेवण्यासारखा आहे. निवेदनात काय बोलायचं हे मंत्री ठरवतात. लोकसभेचा नियम ३७२ तर सरळ सांगतो की निवेदन चालू असताना प्रश्न विचारायचाच नाही. राज्यसभेत मात्र जुनी प्रथा आहे, निवेदनानंतर सदस्य खुलासे मागू शकतात, आणि त्या दिवशी मागितलेही गेले. म्हणून अशा वेळी राज्यसभेचं कामकाज जास्त बारकाईने बघत जा.

त्या निवेदनातून काही माहिती बाहेर आली हे मान्यच करायला हवं. २००९ पासूनचे वर्षवार आकडे मंत्र्यांनी दिले, त्यात सगळ्यात जास्त २०१९ मध्ये, २,०४२ जण परत पाठवले गेले होते. बांधून आणायची पद्धत अमेरिकेच्या २०१२ पासूनच्या नियमांत आहे असं त्यांनी सांगितलं, बायका-मुलांना बांधत नाहीत असं आपल्याला कळवलंय असंही सांगितलं. पण 'आम्हाला कळवलंय' आणि 'आम्ही उतरलेल्या माणसांना विचारून खात्री केली' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत ना? पुरवणी प्रश्न असतो तो नेमका या फटीसाठी. किती जणांचे जबाब घेतले, किती बायकांनी हातकड्या होत्या असं सांगितलं, तसं असेल तर लेखी निषेध गेला का, कोणत्या तारखेला. मी खासदार असतो तर एवढंच विचारलं असतं, भाषण केलंच नसतं.

दुसऱ्या देशातल्या मानवाधिकारांवर आपल्या संसदेत प्रश्न विचारता येतो का? की 'तो त्यांचा अंतर्गत मामला' म्हणून उडवून लावतात? (कोल्हापूर, शिक्षक)

सर, येतो, पण वाट अरुंद आहे. लोकसभेच्या नियम ४१ मध्ये कोणते प्रश्न चालत नाहीत त्याची मोठी यादी आहे. मित्रदेशाबद्दल अनादराने बोलायचं नाही, नुसतं मत विचारायचं नाही, जर-तरचं विचारायचं नाही, गुप्त स्वरूपाच्या गोष्टी विचारायच्या नाहीत. म्हणजे 'अमुक देश अत्याचार करतोय हे सरकारला मान्य आहे का' असं लिहिलं तर प्रश्न दारातच अडकायची भीती. पण 'संयुक्त राष्ट्रांत अमुक तारखेच्या ठरावावर भारताने कसं मत दिलं आणि कारण काय नोंदवलं' हे विचारायला कुणाची हरकत नसते, कारण तो प्रश्न आपल्याच सरकारच्या कृतीबद्दल आहे. गाझाचंच बघा, ऑक्टोबर २०२३ मध्ये भारत महासभेत तटस्थ राहिला, त्याच डिसेंबरात युद्धबंदीच्या बाजूने मत दिलं, जून २०२५ मध्ये पुन्हा तटस्थ. तीन मतं, तीन तारखा, यावर कितीतरी चांगले प्रश्न तयार होतात.

दबाव आणून खरंच काही बदलतं का असं विचाराल, तर श्रीलंकेचं उदाहरण बघा. मार्च २०१२, तिथल्या युद्धातल्या अत्याचारांबद्दल जिनिव्हाच्या मानवाधिकार परिषदेत ठराव येणार होता. एकाच देशाला लक्ष्य करणाऱ्या ठरावांपासून लांब राहायचं ही आपली जुनी सवय. पण तामिळनाडूच्या खासदारांनी, त्यात सरकारमधल्याच मित्रपक्षाचे खासदार, सभागृहात विषय लावून धरला, आणि १९ मार्चला पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी लोकसभेत सांगितलं की आमचा कल ठरावाच्या बाजूने मत द्यायचा आहे. २२ मार्चला भारताने तसंच मत दिलं. आता यामागे आघाडीचं राजकारण होतं का, होतंच, पण तामिळ माणसाच्या जिवाची चौकशी दिल्लीत झाली हेही तितकंच खरं.

आमचे आमदार विधानसभेत परराष्ट्र धोरणावर प्रश्न का विचारत नाहीत? (परभणी)

विचारता येत नाही म्हणून. परराष्ट्र व्यवहार केंद्राच्या यादीतला विषय आहे. पण पोलीस हा राज्याचा विषय, त्यामुळे कोठडीतला मृत्यू, पोलिसांची मारहाण यावर आमदार तारांकित प्रश्न किंवा लक्षवेधी लावू शकतात, आणि तेही मानवाधिकारांचंच काम आहे, ते आमदारांकडून करून घ्या.

इथे ब्रिटनमध्ये आमचा एमपी एका दिवसात परराष्ट्र मंत्र्यांना सभागृहात बोलावून घेतो. तुमच्याकडे असं का नाही? (लंडनजवळून)

ताई, तुमच्याकडे 'अर्जंट क्वेश्चन' आहे, स्पीकरने मान्य केला की मंत्र्यांना त्याच दिवशी यावंच लागतं. आपल्याकडे अल्पसूचना प्रश्न आहे, म्हणजे नोटिशीची नेहमीची मुदत न पाळता विचारायचा, पण त्याला मंत्र्यांची तयारी लागते, ते नाही म्हणाले तर विषय मागे पडतो. हे बदललं पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे.

पण तुमच्याच देशातली एक गोष्ट सांगतो, कारण तोंडी उत्तर किती जड असतं ते तिथे कळतं. नाझनीन झगारी-रॅटक्लिफ, इराणी-ब्रिटिश बाई, लहान मुलीला घेऊन माहेरी गेल्या होत्या, एप्रिल २०१६ मध्ये तेहरानच्या विमानतळावर पकडल्या गेल्या. नवरा आणि त्यांच्या खासदार ट्युलिप सिद्दिक घसा कोरडा होईपर्यंत सांगत होते की त्या सुट्टीवर गेल्या होत्या. नोव्हेंबर २०१७ ला परराष्ट्र मंत्री बोरिस जॉन्सन संसदेच्या परराष्ट्र समितीसमोर बसले आणि बोलून गेले की त्या तिथे लोकांना पत्रकारिता शिकवत होत्या. चार शब्द! तीनच दिवसांत त्यांना परत कोर्टात उभं केलं आणि मंत्र्यांचं वाक्य त्यांच्याविरुद्ध वापरलं गेलं. सिद्दिक मात्र थांबल्या नाहीत, रणगाड्यांसाठी इराणने पूर्वी आगाऊ दिलेले पैसे ब्रिटनने थकवलेत ते कधी परत देणार हे त्या आणि इतर खासदार विचारत राहिले. शेवटी मार्च २०२२ मध्ये जवळपास ४० कोटी पौंड चुकते झाले आणि नाझनीन घरी आल्या. तेव्हा मुलगी सात वर्षांची झाली होती.

मंत्र्यांनी सभागृहात दिलेली माहिती चुकीची निघाली तर? (सातारा)

खासदार लोकसभा अध्यक्षांना लिहून चूक दाखवू शकतो, अध्यक्षांच्याच निर्देश ११५ प्रमाणे, मग मंत्र्यांचं म्हणणं मागवलं जातं. जाणूनबुजून दिशाभूल केली असं वाटलं तर हक्कभंगाची नोटीस. 'माहिती गोळा करत आहोत' असं उत्तर आलं तर ते आश्वासन धरलं जातं आणि तीन महिन्यांत पुरं करायचं असतं, त्यावर आश्वासन समिती लक्ष ठेवते.

पण प्रत्येक वेळी खोटं आणि खरं इतकं सरळ नसतं. जून २०१४ मध्ये इराकच्या मोसुलमधून आपले चाळीस कामगार पळवले गेले. त्यातला एक निसटून आला आणि सांगत राहिला की बाकीच्यांना गोळ्या घातल्या, मी पाहिलं. तेव्हाच्या परराष्ट्र मंत्री सुषमा स्वराज वर्षानुवर्षं संसदेत सांगत राहिल्या की पुरावा मिळत नाही तोवर मी कुणाला मृत म्हणणार नाही, जुलै २०१७ मध्ये तर लोकसभेत म्हणाल्या की पुराव्याशिवाय तसं म्हणणं पाप आहे. विरोधक म्हणत होते तुम्ही घरच्यांना फसवताय. २० मार्च २०१८ ला राज्यसभेत त्यांनीच सांगितलं की ३९ ही जण गेले, मोसुलजवळच्या बादुशला सापडलेल्या मृतदेहांचे डीएनए जुळलेत. त्याच दिवशी लोकसभेत गोंधळ इतका होता की त्यांना नीट बोलताच आलं नाही. आणि पंजाबातल्या कितीतरी घरांनी ही बातमी टीव्हीवर ऐकली, आधी फोनसुद्धा आला नव्हता.

मी ही सगळी उत्तरं पुन्हा एकदा ओळीने वाचली. त्यात सरकार कुणाकुणाशी बोललं ते सगळं आहे, पण निसटून आलेल्या त्या माणसाचं म्हणणं तारीख-वार, जागेसकट नोंदवून तपासलं का, हे मला कुठे सापडलं नाही.

ही उत्तरं कुठे वाचायला मिळतात? (डोंबिवली)

परराष्ट्र खात्याच्या वेबसाइटवर संसदेतल्या प्रश्नोत्तरांचा वेगळा विभाग आहे, इंग्रजी आणि हिंदीत, फुकट. मार्च २०२५ चं एक उत्तर तिथे आहे, परदेशातल्या तुरुंगांत १०,१५२ भारतीय, त्यातले ४९ जण फाशीच्या शिक्षेचे, पैकी २५ एकट्या युएईत. आपल्या गावातलं, नात्यातलं कुणी आखातात कामाला असेल तर त्या देशासमोरचा आकडा बघा आणि तो कागद प्रिंट काढून खासदारांच्या ऑफिसात घेऊन जा. पुढचं अधिवेशन सुरू व्हायच्या महिनाभर आधी जा, नोटिशीचे दिवस निघून गेल्यावर नको.