मुलगी नववीत आहे, इतिहास-भूगोलाच्या उत्तरांतही मराठीच्या निबंधासारखंच लिहिते आणि मार्क कापले जातात, काय करू?

अहो एकच विषय घेऊन तिला तीन वेगवेगळ्या वह्यांत लिहायला लावा, पुण्यातली असेल तर पानशेतचा पूर घ्या, घरी आजी-आजोबांकडूनही माहिती मिळेल. इतिहासात पहिल्याच वाक्यात कधी आणि काय, म्हणजे १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, त्या लोंढ्याने खालचं खडकवासला धरणही फुटलं आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं, मग परिणाम, बस. भूगोल-विज्ञानात तारीख दुय्यम, तिथे कारण पाहिजे: मातीचं धरण, काम अर्धवट, त्यात पावसाळ्यात पाणी साठलं, भराव खचला, वरून पाणी वाहायला लागलं की माती धुऊन जाते, आणि शेजारी एक आकृती नावं देऊन. "निसर्गापुढे मानव हतबल आहे" वगैरे तिथे लिहिलं तर शून्य मार्क, ते फक्त मराठीच्या वहीत, आणि खरं सांगू का तिथेही नकोच, त्यापेक्षा भिंतीवर राहिलेली चिखलाची रेघ लिही म्हणावं. अप्पा बळवंत चौकातून गाईड आणून पाठ करून घेऊ नका फक्त, तपासणाऱ्याला तीच वाक्यं अख्ख्या वर्गाच्या पेपरात दिसतात.