जादूगाराच्या गावात शेळ्याही असतात

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

तुझ्या कादंबरीची पहिली प्रकरणे, सोबतचा नकाशा आणि राजघराण्याची वंशावळ मिळाली. सगळे नीट वाचले. अद्भुतकथा लिहायची तर काय वाचावे, कोणत्या मालिका पाहाव्यात आणि कोणती चित्रे न्याहाळावीत, असे विचारून तू माझ्याकडे लांबलचक यादी मागितली आहेस. मी मोजकीच नावे देतो, मात्र प्रत्येक नाव का देतो तेही सांगतो. तुझ्या नगरीला सात वेशी आहेत, तिच्यावर तीन चंद्र उगवतात आणि तिथल्या मांत्रिकांचे पाच पंथ आहेत. पण या सगळ्या प्रकरणांत कोणी जेवत नाही, कोणाचे कपडे मळत नाहीत आणि पाणी कुठून येते ते कळत नाही. वाचकाचा अद्भुतावर विश्वास बसतो तो चमत्कार किती मोठा आहे यावरून नव्हे, तर त्या चमत्काराच्या शेजारी माणसे कशी जगतात यावरून, असे माझे ठाम मत आहे, आणि पुढच्या सगळ्या शिफारशी त्याच मतातून आल्या आहेत.

सुरुवात उर्सुला ल ग्विन यांच्या ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ या 1968 सालच्या कादंबरीने कर. ती मूळ इंग्रजीतच वाच आणि सावकाश वाच. पुस्तक लहान आहे, पण त्यातले एकही वाक्य घाईने लिहिलेले नाही. नायक गेड हा गॉन्ट नावाच्या डोंगराळ बेटावरच्या एका तांबटाचा मुलगा. त्याच्या हातून घडलेली पहिली जादू कोणा राक्षसावर चालत नाही, ती चालते गावच्या शेळ्यांवर. मावशीच्या तोंडून ऐकलेला मंत्र तो नकळत म्हणतो, शेळ्या त्याच्याभोवती गोळा होतात आणि मग काही केल्या त्याला सोडतच नाहीत. त्यांच्या गराड्यात सापडलेला तो मुलगा रडत-ओरडत गावात धावत येतो. जादूचे सामर्थ्य, तिचा धोका आणि ती करणाऱ्याचे अज्ञान या तिन्ही गोष्टी लेखिकेने शेळ्यांच्या एका कळपातून दाखवल्या आहेत.

त्यापुढचा एक प्रसंग तू वहीत उतरवून घ्यावास असे मला वाटते. गेडचा पहिला गुरू ओगियन हा असा सिद्ध पुरुष आहे की, त्याने भूकंप शमवल्याची ख्याती सगळ्या बेटावर आहे. गुरुशिष्य डोंगरातून चालत असताना पाऊस येतो. इतर मांत्रिकांनी ढग दुसरीकडे पिटाळला असता. ओगियन पावसाला पडू देतो, एक दाट झाड शोधतो आणि त्याखाली आडवा होतो. भिजलेला, चिडलेला गेड मनात म्हणतो की, वापरायचीच नसेल तर ही शक्ती काय कामाची. एका पावसात, एका झाडाखाली पुढच्या सगळ्या कथेचा संघर्ष उभा राहतो. तुझ्या कादंबरीतला राजगुरू तिसऱ्या पानावर वादळ थोपवतो, आणि तेव्हाच त्याच्याविषयीची माझी उत्सुकता संपली, हे तुला स्पष्ट सांगायला हवे.

या मालेतले पुढचे दोन भाग लगोलग वाच. ‘तेहानू’ हा 1990 सालचा चौथा भाग मात्र थोड्या अंतराने वाच. तिसऱ्या भागानंतर अठरा वर्षांनी लिहिलेल्या या कादंबरीत दुसऱ्या भागाची नायिका तेनार आता मध्यमवयीन विधवा शेतकरीण आहे, तिच्या पदरी आगीत भाजलेली एक मुलगी आहे आणि गेडची सारी विद्या संपलेली आहे. ज्यांना लढाया हव्या होत्या, अशा अनेक वाचकांना हे पुस्तक रुचले नाही. मला ते या मालेतले सर्वांत धाडसी पुस्तक वाटते, कारण ज्या घरकामाला आणि ज्या बायकांना आधीच्या भागांत पार्श्वभूमीवर ठेवले होते, त्यांना लेखिकेने येथे मध्यभागी आणले आहे. या मालेवरून 2004 साली दूरचित्रवाणीसाठी केलेले रूपांतर पाहू नकोस. पुस्तकातल्या तांबूस-तपकिरी वर्णाच्या गेडला तिथे गोरा केले गेले, आणि खुद्द ल ग्विन यांनी त्याविरुद्ध जाहीरपणे लिहिले होते.

दुसरे पुस्तक सुझॅना क्लार्क यांचे ‘पिरानेसी’ (2020). यातले जग म्हणजे एक अफाट घर. दालनामागून दालने, प्रत्येकात संगमरवरी पुतळे, खालच्या मजल्यावर समुद्र आणि वरच्या मजल्यावर ढग. एवढी विलक्षण कल्पना हाती असताना लेखिका काय करते ते बघ. कथा सांगणारा माणूस मासे पकडतो, शेवाळ वाळवून जळणासाठी साठवतो, भरतीच्या वेळा मांडून ठेवतो आणि आपल्या रोजनिशींची सूचीही करतो. त्या घरात सापडलेल्या मृतांच्या अस्थींची तो देखभाल करतो. एकदा अल्बट्रॉस पक्ष्यांची जोडी तिथे येते तेव्हा थंडीसाठी जपून ठेवलेल्या शेवाळापैकी काही तो त्यांना घरट्यासाठी देऊन टाकतो आणि ते वर्षही त्या पक्ष्याच्याच नावाने नोंदवतो. थोडे दिवस थंडीत काढावे लागतील याचा हिशेब त्याने केलेला असतो, तरीही तो देतो. त्या शेवाळामुळे मला ते घर खरे वाटले. नुसत्या पुतळ्यांच्या वर्णनाने ते वाटले नसते.

या पुस्तकाचे नाव ज्याच्यावरून आले, तो जोव्हान्नी बात्तिस्ता पिरानेसी (1720–1778) हा रोममध्ये राहिलेला व्हेनिसचा कलावंत. त्याच्या काल्पनिक तुरुंगांच्या कोरीव मुद्राचित्रांची माला अवश्य पाहा. 1761 सालच्या आवृत्तीत अशी 16 चित्रे आहेत. प्रचंड कमानी, कुठेच न पोहोचणारे जिने, दोरखंड, कप्प्या, आणि त्यांत मुंगीएवढी दिसणारी माणसे. ती माणसे बोटाने झाकून बघ. इमारतीची भव्यता तत्क्षणी नाहीशी होते.

मराठीत हे वातावरण कसे पेलावे, हा तुझा खरा अडसर आहे असे तुझ्या वाक्यांवरून वाटते, कारण तुझी पात्रे संकटात सापडली की लगेच संस्कृत बोलू लागतात. त्यासाठी जी. ए. कुलकर्णी यांच्या ‘रमलखुणा’ (1975) या पुस्तकातल्या ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’ या दोन दीर्घकथा मोठ्याने वाच. आपल्या ओळखीच्या मुलखाचा आधार न घेताही मराठी गद्य किती ताठ उभे राहू शकते, ते कानांना कळेल.

दूरचित्रवाणीसाठी एकच नाव देतो : ‘अवतार : द लास्ट एअरबेंडर’. 2005 ते 2008 या काळात तीन पर्वांत आलेली, 61 भागांची ही अमेरिकी ॲनिमेशन मालिका लहान मुलांसाठी म्हणून बाजूला सारू नकोस. पाणी, पृथ्वी, अग्नी आणि वायू या चार तत्त्वांवर हुकमत चालवण्याच्या चार विद्या त्यात आहेत, आणि प्रत्येक विद्येच्या हालचाली चीनमधल्या एकेका खऱ्या युद्धकलेवरून बेतल्या आहेत. पाण्याच्या विद्येमागे ताई ची आहे, वायूच्या विद्येमागे बाग्वा. त्यामुळे पात्र कोणत्या राष्ट्राचे आहे ते त्याच्या उभे राहण्यावरूनच ओळखू येते, कोणी समजावून सांगावे लागत नाही. दुसऱ्या पर्वात बा सिंग से या नगरातल्या एका दिवसाच्या छोट्या गोष्टींचा एक भाग आहे. त्यात आयरो हा निर्वासित म्हणून राहणारा वृद्ध सेनापती बाजारात टोपली विकत घेतो, रडणाऱ्या मुलाला गाणे म्हणून हसवतो, सुरा रोखणाऱ्या लुटारूला नीट उभे कसे राहावे ते शिकवतो आणि मग त्याला चहा पाजतो. संध्याकाळी तो टेकडीवरच्या झाडाखाली जाऊन बसतो, तेव्हा ही सारी तयारी युद्धात मारल्या गेलेल्या आपल्या मुलाच्या वाढदिवसाची होती हे आपल्याला कळते. काही मिनिटांचाच हा तुकडा आहे, पण त्या मालिकेतल्या कोणत्याही महायुद्धापेक्षा तो माझ्या मनात अधिक खोल रुतला आहे. याच मालिकेवरून 2010 साली आलेला चित्रपट सोडून दे.

चित्रांच्या बाबतीत तू केवळ संगणकावर काढलेली अलीकडची मुखपृष्ठे पाहतेस, म्हणून मुद्दाम जुने नाव देतो. अकबराच्या कारखान्यात सुमारे 15 वर्षे खपून ‘हम्झानामा’ची, म्हणजे अमीर हम्झाच्या साहसकथांच्या ग्रंथाची, सुमारे 1400 चित्रे कापडावर रंगवली गेली. मीर सय्यद अली आणि अब्दुस्समद या इराणी उस्तादांच्या देखरेखीखाली हे काम झाले. आज त्यांतली 200 सुद्धा उरलेली नाहीत; जी आहेत ती मुख्यतः व्हिएन्ना आणि लंडन येथे आहेत, आणि त्या संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर ती मोठी करून पाहता येतात. त्यांत राक्षस आहेत, अजगर आहेत, जादूचे किल्ले आहेत. लंडनमधले एक चित्र मात्र प्रथम पाहा. स्वतःला देव म्हणवणारा महाकाय जुमुर्रुद शाह बागेतल्या खड्ड्यात अडकला आहे आणि बागेचे माळी त्याला बडवून काढत आहेत. त्या माळ्यांच्या दृष्टीने तो देवही नाही, दैत्यही नाही. तो फक्त बागेत घुसलेला आगंतुक आहे.

या चित्रांच्या मागच्या बाजूला कथा लिहिलेली असे, आणि चित्र समोर धरून ती सांगितली जात असावी असे अभ्यासक मानतात. चित्र समोर धरून कथा सांगण्याची ही रीत तुला जवळही पाहता येईल. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे ठाकर कलावंत चित्रकथीच्या पोथीतले एकेक चित्र पुढे करत रामायण-महाभारतातली आख्याने गातात. त्यांच्यापैकीच परशुराम गंगावणे यांना या कलेच्या जतनासाठी 2021 साली पद्मश्री जाहीर झाली, आणि त्यांच्या कुटुंबाने तिथे एक छोटे संग्रहालयही उभे केले आहे. कुडाळ स्थानकापासून पिंगुळी जवळच आहे. जाण्यापूर्वी प्रयोग पाहायला मिळेल का याची चौकशी कर, चित्राची वही बरोबर ने, आणि एका चित्रावर गाणारा किती वेळ थांबतो व कोणत्या शब्दाला पान बदलतो, तेवढे टिपून मला कळव.

तुझा हितचिंतक