मुंबईतल्या दोन खोल्यांत मालगाडी बसवायची असेल, तर सुरुवात एका वाघिणीपासून करावी

तुमचा प्रश्न असा आहे: दादरला दोन खोल्यांचे घर आहे, भारतीय मालगाडीच्या वाघिणी (म्हणजे मालडबे), छोटे स्थानक आणि रूळ यांचे लहान नमुने हाताने करण्याची हौस आहे, पण टेबलभर मांडणीला जागा नाही आणि बाजारात आपल्या रेल्वेचे तयार नमुने फारसे मिळत नाहीत, तेव्हा कोणते प्रमाण निवडावे आणि आरंभ कशाने करावा? माझे उत्तर थोडक्यात असे, की प्रमाण १:८७ (खऱ्याच्या सत्त्याऐंशीवा भाग) घ्यावे, जागा भिंतीवरच्या फळीची धरावी आणि इंजिन, गोल फिरणारे रूळ, ट्रान्सफॉर्मर यांपैकी काहीही विकत घेण्याआधी एक वाघीण स्वतः करून पूर्ण करावी. बहुतेक लोक नेमका उलटा क्रम धरतात आणि वर्षभराने तो सारा खोका माळ्यावर जातो.

प्रमाणाचा हिशेब एकदा कागदावर मांडून घ्यावा, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. जगभर सर्वांत सहज मिळणारा मॉडेल रूळ १६.५ मिमी रुंदीचा असतो. १:८७ या प्रमाणात, म्हणजे ‘एचओ’मध्ये, तो १४३५ मिमीच्या युरोपीय-अमेरिकी मार्गाची बरोबर नक्कल करतो. आपला ब्रॉडगेज मात्र १६७६ मिमीचा आहे आणि त्याला ८७ ने भागले की १९.२६ मिमी येतात. याचा अर्थ तयार रुळावर आपली गाडी धावेल तेव्हा चाकांमधले अंतर पावणेतीन मिमीने कमी दिसणार. ब्रिटिश ‘ओओ’ म्हणजे १:७६.२ हे प्रमाण घेतले तर हाच फरक साडेपाच मिमीवर जातो, कारण रूळ तोच राहतो आणि गाडी मोठी होते. समोरून पाहिले तर ती गाडी घट्ट चपला घालून उभी असल्यासारखी दिसते. म्हणून भारतीय गाड्यांसाठी मी ‘ओओ’ सुचवणार नाही. रूळ हाताने १९.२६ मिमीवर ठोकणारे काटेकोर लोकही असतात, पण मग प्रत्येक चाकाचा जोड आणि प्रत्येक सांधा (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारा भाग) स्वतः तयार करावा लागतो. पहिल्या वर्षी या वाटेला जाऊ नये. फळीवर ठेवलेली गाडी आपण बाजूने पाहतो आणि बाजूने ते पावणेतीन मिमी कोणाला दिसत नाहीत.

१:१६० हे ‘एन’ प्रमाण जागेच्या दृष्टीने आकर्षक वाटते, आणि धावती लांब गाडी हाच उद्देश असेल तर ते योग्यही आहे. तुम्हाला मात्र बारकावे हाताने करायचे आहेत, आणि त्या आकारात शिडीची पायरी ही केसाएवढी गोष्ट होते. मुंबईकरासाठी आणखी एक पर्याय आहे, तो म्हणजे नेरळ-माथेरानची गाडी. १९०७ मध्ये सुरू झालेला हा मार्ग ६१० मिमीचा आहे, आणि १:७६ प्रमाणातील डबे ९ मिमीच्या ‘एन’ रुळावर चालवून तो पुष्कळसा साधता येतो. मूळ घाटातली वळणेच इतकी आवळलेली आहेत, की छोट्या टेबलावरचे तीव्र वळणही तिथे कृत्रिम वाटत नाही. पण तुम्ही मालगाडी विचारली आहे, तेव्हा तिकडेच वळतो.

आपल्याकडे नेहमी दिसणारी उघडी वाघीण ‘बॉक्सएन’ ही पहिल्या कामासाठी उत्तम आहे, कारण तिला छप्पर नाही, गोलाई नाही आणि तिची अंगलट काटकोनी आहे. खऱ्या वाघिणीची कपलरच्या (डबे जोडणाऱ्या आकड्याच्या) तोंडापासून तोंडापर्यंतची लांबी १०७१३ मिमी, हेडस्टॉकपासून (चौकटीच्या टोकाच्या आडव्या तुळईपासून) हेडस्टॉकपर्यंतची ९७८४ मिमी, रुंदी ३२०० मिमी आणि दोन बोगींच्या (खालच्या चाकांच्या चौकटींच्या) मध्यांमधील अंतर ६५२४ मिमी असते. आपल्या प्रमाणात हे आकडे अनुक्रमे १२३, ११२.५, ३७ आणि ७५ मिमी होतात. याच आकड्यांवरून जागेचाही निकाल लागतो: ५८ बॉक्सएनचा पूर्ण रेक, म्हणजे जोडलेल्या वाघिणींची रांग, एचओमध्ये सात मीटरहून लांब होईल, आणि तेवढी सरळ भिंत दादरच्या कोणत्या घरात आहे? गोल मांडणीचेही तसेच. अमेरिकी पद्धतीच्या एचओमध्ये नेहमी वापरले जाणारे सर्वांत तीव्र वळण साधारण ४५७ मिमी त्रिज्येचे असते, म्हणजे फळी किमान एक मीटर रुंद हवी, आणि एवढे करूनही २४५ मिमीचा आयसीएफ (चेन्नईच्या डबा कारखान्याच्या पद्धतीचा) प्रवासी डबा त्या वळणावर ओढल्यासारखा दिसतो. फळी ही तडजोड आहे असे मी मानत नाही. मालगाडीचे खरे काम यार्डातच चालते आणि यार्ड सरळच असते.

वाघीण बघण्यासाठी तुम्हाला कोठेही मुद्दाम जावे लागणार नाही. कल्याणच्या बाजूला जाताना दिवा स्थानकाच्या पुढे खिडकीजवळ उभे राहिलात किंवा वडाळा आणि कुर्ल्याच्या पादचारी पुलांवर थोडे थांबलात तरी रेक दिसतो. रूळ ओलांडून यार्डात मात्र शिरू नये. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ खाली तो गुन्हा आहे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे तिथे शंटिंगमध्ये (डबे पुढे-मागे करून लावताना) ढकललेला डबा आवाज न करता येतो. पाहताना एक गोष्ट टिपून ठेवा: बॉक्सएनच्या बाजूचा पत्रा कधीच सपाट नसतो. टिपलरवर (वाघीण उलटवणाऱ्या यंत्रावर) उलटी करून किंवा ग्रॅबने (यांत्रिक पंजाने) उपसून रिकामी केल्यामुळे उभ्या पट्ट्यांच्या मधला पत्रा बाहेर फुगलेला आणि जागोजागी चेपलेला असतो. कारखान्यातून निघालेल्या महागड्या नमुन्यांतही हा फुगीरपणा क्वचितच दिसतो, आणि हाताने करणाऱ्याला तो फुकट मिळतो.

सामान म्हणाल तर स्थापत्यशास्त्राचे विद्यार्थी जिथून मॉडेलचे साहित्य घेतात त्याच दुकानांत पांढरी स्टायरीन (प्लास्टिकची) शीट मिळते. एक मिमी, अर्धा मिमी आणि पाव मिमी अशा तीन जाडी पुरतात. बारीक कानशी, हाताने फिरवायचे ड्रिल आणि लहान गुण्या नागदेवी स्ट्रीटला मिळतील. तळ एक मिमी शीटचा कापावा. बाजू आतून अर्ध्या मिमीची, सुमारे २२ मिमी उंच ठेवावी आणि बाहेरून पाव मिमीचा दुसरा थर चिकटवावा. हा बाहेरचा थर लावण्याआधी उभ्या पट्ट्यांच्या जागा पेन्सिलीने आखून मधला प्रत्येक भाग पालथा ठेवावा, खाली जाड पुठ्ठा घ्यावा आणि चमच्याच्या पाठीने हलकेच घासावे. पत्र्याला हवा तेवढा फुगीरपणा येतो. मग त्यावर एक मिमी चौरस पट्ट्या उभ्या लावाव्यात आणि प्रत्येक पट्टी गुण्याला लावून तपासावी, कारण एक पट्टी जरी कलली तरी नजर तिथेच अडकते. जोडण्यासाठी फेविक्विक वापरू नये, त्याचा पांढरा धूर प्लास्टिकवर बसतो. प्लास्टिक विरघळवून सांधणारे द्रव बारीक ब्रशने सांध्यावर टेकवले की ते आपोआप आत ओढले जाते; हे काम खिडकी उघडी ठेवूनच करावे.

बोगी स्वतः करण्याचा हट्ट नको. आपली कॅसनब बोगी दोन ओतीव साइड फ्रेम (बाजूच्या चौकटी) आणि मधला बोल्स्टर (आडवी तुळई) अशा तीन भागांची आहे. अमेरिकी मालडब्यांची रचनाही तशीच असल्यामुळे तिकडची तयार एचओ बोगी चेहऱ्याने चांगली जुळते. तिच्या पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर आपल्या २३ मिमीपेक्षा दोन-तीन मिमीने कमी पडते, आणि १००० मिमी व्यासाच्या चाकासाठी साडेअकरा मिमी हवे असताना बाजारात बहुधा साडेदहा मिमीचे मिळते. काळपट तपकिरी रंग चढला की हे दोन्ही खपून जाते. चाके धातूची घ्यावीत. प्लास्टिकची चाके रुळावर कचरा पसरवतात.

यानंतर वजन पाहावे. अमेरिकेतील नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनची एचओसाठीची शिफारस अशी आहे, की मुळात एक औंस आणि त्यावर लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस धरावा. आपल्या वाघिणीला ते साधारण ९० ग्रॅम पडते, आणि नुसत्या प्लास्टिकची वाघीण त्याच्या जवळपासही जात नाही. बॉक्सएनचा फायदा इथे कळतो: तळाशी लोखंडी नट पसरून अॅरल्डाइटने बसवावेत, वर थर्माकोलचा उंचसखल तुकडा ठेवावा, आणि खरा कोळसा कुटून चहाच्या जुन्या गाळणीतून चाळून त्यावर अंथरावा. पाण्यात पातळ केलेल्या फेविकॉलमध्ये भांडी घासण्याच्या साबणाचा एक थेंब घालून ते ड्रॉपरने सोडले की कोळसा न हलता भिजतो आणि रात्रभरात दगडासारखा बसतो. हा साबण वगळला तर थेंब कोळशावर मोत्यासारखा उभाच राहतो.

रंगाबाबत मी एवढेच सांगेन, की आधी रेड ऑक्साइडच्या जवळचा तपकिरी-तांबडा अगदी पातळ दोन हातांत द्यावा आणि त्यावर गंज, कोळशाची पूड व पावसाच्या उभ्या रेघा सुक्या पेस्टलच्या भुकटीने चढवाव्यात. अक्षरे पारदर्शक डेकल (चित्र उतरवून चिकटवण्याच्या) कागदावर छापून घेता येतात, पण वॅगनचा क्रमांक मनाने लिहू नये. तो अकरा आकडी असतो: पहिले दोन आकडे प्रकाराचे, पुढचे दोन मालक रेल्वेचे (मध्य रेल्वेला ०१, पश्चिम रेल्वेला ०८), त्यापुढचे दोन बांधणीच्या वर्षाचे, नंतर चार अनुक्रमाचे आणि शेवटचा पडताळणीचा. दुसऱ्या, चौथ्या अशा सम स्थानांवरच्या आकड्यांची बेरीज तिपटीने घ्यावी, तीत विषम स्थानांवरचे पहिले पाच आकडे मिळवावेत, आणि जी संख्या येईल ती दहाच्या पुढच्या पटीत नेण्यासाठी जेवढे लागेल तो अकरावा आकडा. क्रमांक जुळतो की नाही हे कोणी तपासणार नाही हे खरे. मला स्वतःला चुकीच्या क्रमांकाची वाघीण फळीवर पाहवत नाही.

वाघिणी वाढल्या की मांडणी लागते. सुमारे १.६ मीटर लांब आणि ३० सेंटिमीटर रुंद फळीवर ब्रिटनमधील अॅलन राइट यांची ‘इंगलनुक’ ही शंटिंगची रचना बसते. तिला फक्त दोन सांधे, पाच वाघिणींची एक सायडिंग (बाजूचा रूळ) आणि तीन-तीन वाघिणींच्या दोन सायडिंगा लागतात. आठ वाघिणींच्या चिठ्ठ्यांतून पाच काढायच्या आणि त्याच क्रमाने गाडी लावून द्यायची. असे ६७२० वेगवेगळे क्रम होऊ शकतात, म्हणून खेळ लवकर संपत नाही.

इमारतीसाठी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचा विचार डोक्यातून काढून टाकावा. तो घुमट फळीवरच्या बाकी सगळ्याला गिळून टाकतो. मालधक्क्याची पत्र्याची शेड, सिग्नलची केबिन किंवा गँगमनची खोली घ्यावी. माप घेण्यासाठी टेप लागत नाही, छायाचित्रातला दरवाजा सुमारे २.१ मीटर धरून त्यावरून बाकीचे काढता येते. पत्र्याच्या नाळ्या करण्याची एक सोपी रीत आहे. खऱ्या पत्र्यावर दोन नाळ्यांतले अंतर ७५ मिमीच्या आसपास असते, म्हणजे आपल्या प्रमाणात ०.८६ मिमी, आणि पाच मिमी जाडीच्या आटेवाल्या साध्या सळईवर आट्यांतले अंतर ०.८ मिमी असते. अॅल्युमिनियमची जाडसर फॉइल रबराच्या चटईवर अंथरून ती सळई दाबून एकदाच लाटण्यासारखी फिरवावी. रेघा किंचित तिरक्या येतात, म्हणून तुकडे फॉइलच्या कडेला धरून न कापता रेघांना धरून कापावेत.

मुंबईची हवा या छंदाची वैरीण आहे. एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) पावसाळ्यात फुगते आणि सांध्याची जीभ अडकते, म्हणून फळी मरीन प्लायची घेऊन तिला खालूनही रंग द्यावा. पोलादी रूळ घेऊ नयेत, खाऱ्या हवेत ते लगेच गंजतात. निकेल-सिल्व्हरचे रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले की पुरते. पुठ्ठ्याच्या इमारतींना आतूनही वॉर्निश मारावे. पुण्याला जाणे झाले तर कोथरूडमधील भाऊ जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय अवश्य पाहावे. १९९८ मध्ये सुरू झालेल्या त्या मांडणीत लक्ष गाड्यांकडेच जाते, पण तुम्ही खांब, सिग्नल आणि रस्ते कसे केले आहेत ते पाहा.

आता शेवटी इंजिनाबद्दल. तीन वाघिणी बोटाने ढकलून दोन्ही सांध्यांवरून पुढे-मागे न्याव्यात, आणि एकही चाक न उतरता त्या जाऊ लागल्या की मग इंजिन घ्यावे. तोवर रुळाला वीजही जोडू नये. नाहीतर दोष सांध्यात आहे, चाकात आहे की मोटारीत, हे शोधताना जीव मेटाकुटीला येतो. डब्ल्यूडीएम-२ हे आपले डिझेल इंजिन मूळ अल्को या अमेरिकी कंपनीच्या कुळातले असल्यामुळे त्याच कुळातल्या तयार एचओ इंजिनाची मोटारीसह चौकट घेऊन वरचे अंग स्टायरीनने करता येते. ते या प्रमाणात १९७ मिमी लांब होते. एका इंजिनासाठी साधा १२ व्होल्ट डीसीचा नियंत्रक पुरेसा आहे, आणि त्याचे सुटे भाग लॅमिंग्टन रोडला मिळतात.