गरम शेवभाजी, प्लास्टिकची पिशवी आणि हृदयाच्या रक्तवाहिन्या

प्रश्न : आम्ही यावल तालुक्यातील केळी उत्पादक आहोत. गेल्या वर्षी वडिलांची अँजिओप्लास्टी झाली. प्लास्टिकमधील काही रसायने शरीरातील संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करतात आणि त्यामुळे हृदयाच्या रक्तवाहिन्यांना आतून सूज येते, असे एका शास्त्रज्ञाचे संशोधन असल्याचे वाचले. त्यात तथ्य किती? शेतात उन्हात राहिलेल्या बाटलीतले पाणी आणि हॉटेलातून पिशवीत बांधून आणलेली शेवभाजी बंद करावी का? लघवीच्या तपासणीतून काही कळेल का?
— एक वाचक, फैजपूर

उत्तर : आपण वाचलेले संशोधन बहुधा कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड येथील चांगचेंग झोऊ यांचे असावे. कडक, पारदर्शक प्लास्टिकमध्ये आणि पत्र्याच्या डब्यांच्या आतील लेपात वापरले जाणारे बिस्फेनॉल ए, म्हणजे बीपीए, इस्ट्रोजेन या संप्रेरकासारखे वागते हे १९३६ सालीच दिसून आले होते; हृदयाशी त्याचा संबंध मात्र फार उशिरा तपासला गेला. त्यातही एक अडचण होती. आपल्या यकृतात व आतड्यात पीएक्सआर नावाचे एक ग्राही प्रथिन असते आणि परके रसायन शरीरात शिरले की ते सक्रिय होते. बीपीए माणसाच्या पीएक्सआरला चेतवते, उंदराच्या नाही. त्यामुळे नेहमीच्या उंदरांना काही झाले नाही, म्हणून माणसालाही काही होणार नाही, असे म्हणण्यात अर्थ नव्हता. झोऊ यांच्या गटाने माणसाचा पीएक्सआर असलेले उंदीर वापरले. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात बीपीए दिलेल्या उंदरांच्या धमन्यांतील मेदाचे थर लक्षणीय वाढले आणि विशेष म्हणजे रक्तातील कोलेस्टेरॉल तेवढेच राहिले. फरक पडला तो भक्षक पेशींत, म्हणजे परक्या गोष्टी गिळणाऱ्या पांढऱ्या पेशींत. या पेशी अधिक मेद शोषून फुगतात, धमनीच्या भिंतीत अडकून पडतात आणि तेथे दाह, म्हणजे आपण म्हणता ती आतली सूज, धुमसत ठेवतात.

हा दाह हृदयविकारात केवळ सोबती नसून कारणही आहे, हे २०१७ च्या कॅन्टोस नावाच्या औषध-चाचणीने दाखवले : कोलेस्टेरॉलला हात न लावता फक्त दाह कमी करणाऱ्या औषधाने हृदयविकाराचे पुढचे झटके घटले.

उंदरांवरून माणसाकडे येताना मात्र जपून बोलावे लागते. २००८ साली अमेरिकेतील पाहणीत लघवीत बीपीए जास्त असलेल्यांमध्ये हृदयविकार व मधुमेह अधिक आढळला. पण एकाच वेळी घेतलेल्या नोंदींवरून आधी काय आणि नंतर काय, हे ठरत नाही. दक्षिण कोरियातील सोलमध्ये ६० ज्येष्ठांना तेच सोया दूध कधी आतून लेप असलेल्या पत्र्याच्या डब्यातून, तर कधी काचेच्या बाटलीतून देण्यात आले. डब्यातील दूध प्यायल्यावर दोन तासांनी वरचा रक्तदाब सुमारे ४.५ अंकांनी अधिक भरला. २०१५ सालचा हा प्रयोग लहान असला, तरी मला तो बोलका वाटतो.

आता आपल्या घरातले पाहू. पाण्याच्या पातळ बाटल्या पीईटी नावाच्या प्लास्टिकच्या असतात आणि त्यांत बीपीए वापरत नाहीत. तरीही वैशाखात आपल्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तेव्हा तीच बाटली पुन्हा पुन्हा भरून बांधावर ठेवण्यापेक्षा स्टीलची कॅन बरी. शेवभाजीची काळजी मला अधिक वाटते. थॅलेटसारखी प्लास्टिक मऊ करणारी रसायने तेलात सहज उतरतात. वर तर्रीचा थर असलेली उकळती भाजी कोणत्या मालापासून बनली हे ठाऊक नसलेल्या पिशवीत ओतणे म्हणजे त्यांना आयते निमंत्रण आहे. भाजी बंद करू नका, घरून स्टीलचा डबा न्या. (वडिलांनी तेल-मीठ बेताने घ्यावे, हे वेगळे.) आपण विचारले नाही, तरी सांगतो : फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा धुऊन पाण्यासाठी वापरण्याची सवय घरात किंवा मजुरांत असेल, तर ती आजच मोडा.

लघवीच्या तपासणीवर पैसे घालवू नयेत. बीपीए यकृतातून प्रक्रिया होऊन काही तासांत बाहेर पडते, त्यामुळे सकाळचा आकडा संध्याकाळी टिकत नाही आणि त्यावरून उपचारही बदलत नाहीत. वडिलांसाठी रक्तदाब, साखर आणि लिपिड प्रोफाइल वेळच्या वेळी पाहणे गरजेचे आहे. दाहाचा अंदाज हवाच असल्यास हाय-सेन्सिटिव्हिटी सीआरपी ही रक्ततपासणी करावी का, ते त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारा. तंबाखू असल्यास ती सोडवा, आणि स्टेंट बसवल्यानंतर सुरू केलेल्या गोळ्या त्यांच्या सल्ल्याशिवाय एक दिवसही बंद करू नका.